तळघरातली गुणगुण

माझ्या बहिणीचा नवरा मार्लिन स्कोगस्टाड हा अमेरिकेतल्या, सरोवराकाठच्या डुलुथमधला दातांचा डॉक्टर. त्याचा सगळा जन्म तोंड उघडून बसलेल्या, पण उलट उत्तर देता न येणाऱ्या माणसांशी बोलण्यात गेला. त्यामुळे आपलं म्हणणं जगाला पटतं, अशी त्याची प्रामाणिक समजूत झालेली होती. माझी बहीण अर्लिस हिचं तोंड तसं मोकळं होतं. पण आमच्या घराण्यात राग आला की माणूस बोलत नाही, भांडी घासतो. त्यामुळे मार्लिनच्या समजुतीला घरातूनही कधी धक्का लागला नाही. त्यांच्याकडची भांडी मात्र कायम लखलखीत असत.

दवाखाना विकल्यावर मार्लिनने काय करायचं, हा प्रश्न आला. आमच्याकडे निवृत्त माणूस होडी घेतो आणि मासे पकडायला जातो. मार्लिनला होडीत बसलं की उलटी होते. तेव्हा त्याने संगीत घेतलं. म्हणजे गाणं शिकायला घेतलं नाही. गाणं ऐकायची यंत्रं घेतली. हे वेड त्याला रॉस्को पिटमनने लावलं. रॉस्कोचं गालिच्यांचं दुकान होतं आणि तो इथल्या एका श्रोता मंडळाचा अध्यक्ष होता. या मंडळात गाणं कुणी गायलंय हे विचारणं अडाणीपणाचं समजतात. कशावर वाजतंय, ते विचारायचं.

मार्लिनने तळघर सजवलं. भिंतींना गालिचे लावले, ते अर्थातच रॉस्कोच्या दुकानातले. माझ्या छातीला लागतील एवढे दोन स्पीकर आणले. अँप्लिफायर उचलायला दोन माणसं लागली. त्यातला एक मी होतो आणि माझ्या कमरेला ते अजून आठवतं. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावला, कारण बर्फावरच्या हॉकीची चकती कठड्यावर आदळली की घर हादरलं पाहिजे, असं त्याचं मत होतं. टीव्हीचा आवाजही त्याच अँप्लिफायरमधून यावा म्हणून त्याने स्वतः वायरी जोडल्या. त्याचं त्याला इतकं कौतुक वाटलं की त्या वायरी आम्हाला गाण्याच्याही आधी दाखवण्यात आल्या.

मग एका शनिवारी दुपारी उद्घाटन झालं. मार्लिनने तबकडी पुसली, सुई ठेवली, आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून घूंऽऽ असा बारीक, सतत आवाज यायला लागला. त्याने सुई उचलली. गाणं थांबलं, गुणगुण थांबली नाही. जेवून सुस्तावलेला म्हातारा शेजारच्या खोलीत घोरत असावा तसा तो आवाज होता. मोठा नाही, पण एकदा ऐकला की दुसरं काही ऐकू येईनासं होणारा.

मी चर्चमधली गायकमंडळी बसवतो. सवयीने मी तो सूर ओळखायला गेलो आणि म्हणालो, की हा पियानोच्या दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी अडकलाय. आपल्या देशातली वीज सेकंदाला साठ वेळा मागेपुढे होते, तिचाच हा आवाज असणार. याच्यापुढचं मला काही ठाऊक नव्हतं. मार्लिनने माझ्याकडे असं पाहिलं की जणू तो सूर मीच बरोबर घेऊन आलो होतो. आपण कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलोय, याची त्याने मला आठवण करून दिली. ती मला दर नाताळात करून देण्यात येते.

सोमवारपासून तपास सुरू झाला. मार्लिनचा पहिला निष्कर्ष असा, की त्याच्या यंत्रात दोष असणं शक्य नाही, कारण ती उत्तम आहेत. तेव्हा गुन्हेगार घरात दुसरीकडे आहे. आणि तळघर सोडून बाकीचं घर म्हणजे अर्लिस.

आधी जेवणाच्या टेबलावरच्या दिव्यावर संशय आला. त्याचा उजेड कमीजास्त करायची एक चकती भिंतीत होती, अर्लिसने हौसेने बसवून घेतलेली. असल्या चकत्या विजेत खरखर सोडतात, हे खोटं नाही. मार्लिनने ती उपटली आणि साधं बटण लावलं. तेव्हापासून त्यांच्याकडे रात्रीचं जेवण दवाखान्यातल्या उजेडात होऊ लागलं. गुणगुण होती तशीच. मग माशांच्या काचपेटीतला पंप. तो बंद ठेवायचा तर मासे मरणार. म्हणून ती काचपेटी माशांसकट माझ्याकडे आली. मग शिवणयंत्र. ते चालू नसतानाही नुसतं प्लगमध्ये राहून काहीतरी करतं, असं मार्लिनने वाचलं होतं. मग पलंगाशेजारचं रेडिओचं घड्याळ, फोनचा चार्जर, पायाखालचा हीटर. एकेक वस्तू बंद व्हायची, मार्लिन तळघरात जाऊन कान लावायचा आणि वर येऊन सांगायचा, की फरक पडलाय, पण पुरेसा नाही.

अर्लिसने एकदाच विचारलं, की फरक पडलाय तर मला का कळत नाही. मार्लिन म्हणाला, कान तयार व्हावा लागतो. तिने भांडी घासली.

घरातलं सगळं बंद करून झालं तेव्हा तो शेजारी गेला. टॉलेफसनबाई सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या पलंगावरची विजेवर तापणारी चादर आठवडाभर बंद ठेवता येईल का, असं त्याने त्यांना विचारलं. बाईंनी कॉफी दिली, बिस्कीट दिलं, आणि नाही म्हणून सांगितलं.

शेवटी रॉस्कोला बोलावलं. रॉस्कोने खोलीच्या मधोमध उभं राहून डोळे मिटले आणि बराच वेळ श्वास घेतला. मग म्हणाला, वायरी जमिनीला टेकल्या आहेत. वायर जमिनीला टेकली की गालिच्यातली स्थिर वीज तिच्यात शिरते. गालिचा कुणी विकला, हा विषय निघाला नाही. उपाय म्हणून मेपलच्या लाकडाचे छोटे ठोकळे आले आणि प्रत्येक वायर त्यांवर उचलून ठेवली गेली. बागेत पाणी घालायच्या नळीएवढ्या जाड नव्या वायरीही आल्या. तळघर एखाद्या छोट्या रेल्वेच्या पुलासारखं दिसायला लागलं. गुणगुण त्या पुलावरून आरामात येत राहिली. रॉस्कोने सांगितलं, की लाकूड मुरायला वेळ लागतो.

त्याने आणखी एक उपाय जाता जाता कानात सांगितला होता. अँप्लिफायरच्या प्लगला तिसरी पिन असते, जमिनीशी जोडलेली, ती कापून टाकायची. मार्लिन पक्कड घेऊन खाली बसला होता तेव्हा अर्लिस धुतलेले कपडे घेऊन आली. तिने टोपली खाली ठेवली आणि त्याच्या हातातून पक्कड काढून घेतली.

"पिन कापलीस की आधी आवाज जाईल की तू जाशील, हे मंडळाला एकदा विचारून घे," ती म्हणाली.

आता कळतं, की पिन कापली असती तर आवाज कदाचित खरंच गेला असता. पण उद्या यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली असती तर तिला जमिनीत जायला मार्लिनखेरीज दुसरी वाट उरली नसती. मार्लिनला हे तेव्हाही ठाऊक असावं, कारण त्याने पक्कड परत मागितली नाही.

जूनमध्ये अर्लिस आमच्या मावशीकडे कॅनडात, थंडर बे शहरी गेली. घर रिकामं मिळाल्यावर मार्लिनने शास्त्रशुद्ध प्रयोग करायचं ठरवलं. कपडे धुवायच्या खोलीत विजेची पेटी आहे. तिच्यातली तळघर सोडून एकेक खोलीची बटणं पाडत जायचं आणि ऐकायचं. त्याने सगळी पाडली, ऐकलं, आणि सगळी परत वर केली. सगळी म्हणजे, जी त्याच्या लक्षात राहिली ती. त्या खोलीच्या कोपऱ्यातल्या फ्रीझरचं बटण कडेला, एकटं होतं.

त्या फ्रीझरमध्ये मी नोव्हेंबरात मारलेली दोन हरणं होती, कारण माझ्याकडे एवढी जागा नाही. शिवाय अर्लिसने वेचलेल्या ब्लूबेरी, सरोवरातला मासा, आणि आईच्या हातची म्हणावी अशी लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, नाताळसाठी राखून ठेवलेल्या. जानेवारी असता तर हे सगळं अंगणात फेकून दिलं असतं तरी मार्चपर्यंत टिकलं असतं. पण मार्लिनने मुहूर्त नेमका उन्हाळ्याचा गाठला. काही दिवसांनी वास यायला लागला तेव्हा त्याने खिडक्या लावून घेतल्या. वारा सरोवराकडून येतोय, किनाऱ्यावर मासे मेले असतील, असा त्याचा कयास होता. त्या दिवसांत त्याचा जीव कानात गोळा झालेला होता. नाकासाठी काही शिल्लक नव्हतं.

अर्लिस परत आली ती सामानासकट सरळ कपडे धुवायच्या खोलीत गेली. फ्रीझर उघडला. मग तिने मला फोन केला आणि ट्रक घेऊन ये म्हणाली.

दोन हरणं काळ्या पिशव्यांत भरून कचऱ्याच्या मैदानावर नेताना माझ्या मनात काय काय येत होतं, ते चर्चमध्ये गाणाऱ्या माणसाने लिहू नये. अर्लिस शेजारी बसली होती. तिने विचारलं, "ड्वेन, त्याने आजवर काय काय बंद करून पाहिलं, तुला आठवतं का?"

मी सांगत गेलो. दिव्याची चकती, मासे, शिवणयंत्र, घड्याळ, हीटर, जवळजवळ टॉलेफसनबाईंची चादरसुद्धा, आता फ्रीझर.

"यातलं त्याचं काय होतं?"

मी विचार करून पाहिलं. काहीच नव्हतं. मी तसं म्हणालो.  त्या संध्याकाळी मी तिला घरी सोडलं तेव्हा मोरीत भांडी तशीच पडली होती आणि ती त्यांच्याजवळून शांतपणे चालत वर निघून गेली. मला मार्लिनची काळजी वाटायला लागली.

पुढच्या रविवारी दुपारी मंडळाची बैठक मार्लिनकडे होती. ती पुढे ढकलण्याचा विषय त्याने काढून पाहिला, पण रॉस्कोने सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. पाचसहा पुरुष आले, गालिच्यावर अवघडून उभे राहिले आणि वायरींच्या पुलाची वाखाणणी करू लागले. मलाही बोलावलं होतं. माझ्या हरणांची ती भरपाई असावी. मार्लिनने सुरुवातीलाच सांगून टाकलं, की थोडी गुणगुण ऐकू येईल, तिला आपला इलाज नाही, शहराची वीजच घाणेरडी आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. शहराविरुद्ध डुलुथमध्ये एकमत व्हायला वेळ लागत नाही.

तेवढ्यात अर्लिस कॉफी आणि लिंबाच्या वड्या घेऊन खाली आली. ट्रे ठेवला, सगळ्यांना कप दिले, आणि म्हणाली, "तुमची हरकत नसेल तर मी एकदोन वायरी काढून बघते."

मार्लिन हसला. दवाखान्यात लहान मुलांसाठी ठेवलेलं हसू ते. "अर्लिस, ते सगळं तपासून झालंय."

"कुणी तपासलं?"

"मी."

"यातली कुठली वायर काढून पाहिलीस?"

मार्लिनने वायरींकडे पाहिलं, मग रॉस्कोकडे. रॉस्को वडी खात होता. त्याचं तोंड भरलेलं असल्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती.

अर्लिस गुडघ्यांवर बसली आणि ठोकळ्यांना धक्का न लावता अँप्लिफायरच्या मागे हात घातला. तबकडीच्या यंत्राची वायर काढली. घूंऽऽ. ती परत लावून सीडीच्या यंत्राची काढली. घूंऽऽ. माणसं सहनशीलपणे कॉफी पीत होती. मग ती टीव्हीकडे गेली. भिंतीतून केबल कंपनीची काळी, गोल वायर येऊन टीव्हीच्या डब्याला फिरकीने बसवलेली होती. तिने ती फिरकी सैल केली आणि वायर ओढली.

गुणगुण बंद झाली.

अशी शांतता मी चर्चमध्येही ऐकलेली नाही. कुणाच्या तरी नाकातून श्वासाबरोबर बारीक शीळ येत होती, ती आता साऱ्यांना कळली. वर स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मार्लिनच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद पसरला की क्षणभर मी हरणं विसरलो.

रॉस्कोने वडी गिळली. "बघा," तो म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं? लाकूड मुरलं."

सगळ्यांनी मार्लिनकडे पाहिलं. आणि मार्लिन, ज्याने हे आत्ता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तो घसा साफ करून म्हणाला, "हो, मेपलला वेळ लागतोच."

मी बहिणीकडे पाहिलं. ती रागावलेली दिसत नव्हती. दातात अडकलेलं काहीतरी शोधावं तशी ती मार्लिनकडे बघत होती. मग तिने फिरकी परत बसवली. घूंऽऽ. काढली. शांतता. बसवली. घूंऽऽ. रॉस्कोने दुसरी वडी घेतली. तिने पुन्हा काढली आणि वायरीचं टोक मार्लिनपुढे धरलं.

"आता तू कर," ती म्हणाली.

मार्लिनला खाली बसावं लागलं. त्याने वायर लावली, काढली, लावली, काढली. प्रत्येक वेळी गुणगुण सांगितल्यासारखी आली आणि गेली. त्या हातांनी हजारो दात काढले असतील, पण ती छोटी फिरकी त्यांच्यातून दोनदा निसटली. शेवटी तो तसाच वायर धरून गालिच्यावर बसून राहिला.

"रॉस्को," तो म्हणाला, "लाकडाचा काही संबंध नाही. ही वायर मी लावली होती."

दातांच्या डॉक्टराने भरल्या दवाखान्यात आपण भलताच दात उपटल्याचं कबूल करावं, तसं ते झालं. पुरुषमंडळींना एकाएकी कॉफी फार आवडायला लागली. रॉस्को म्हणाला, की हे रंजक आहे. अर्लिसने रिकामे कप गोळा केले आणि वर गेली.

मागाहून मार्लिनने मला सगळं समजावून सांगितलं. समजावण्याचा हक्क त्याने सोडलेला नव्हता. घराची वीज एका ठिकाणी जमिनीत उतरते, केबलवाल्यांची वायर दुसऱ्या ठिकाणी. अँप्लिफायरमध्ये या दोन्ही वाटा एकमेकींना भेटल्या की त्यांच्यामध्ये थोडी वीज गोल गोल फिरत बसते, आणि तीच स्पीकरमधून बोलते. त्यावर अंगठ्याएवढा एक तुकडा मिळतो. तो केबलच्या वायरीत मधे बसवला की चित्र येतं, पण वाट तुटते. तो बसवल्यावर हॉकी परत आली आणि घर हवं तसं हादरू लागलं.

अर्लिसपुढे तो काय बोलला, ते मला माहीत नाही. एवढं कळलं, की दुसऱ्या दिवशी दिव्याची चकती भिंतीत परत आली आणि शिवणयंत्राचा प्लग त्याने स्वतः लावला. मासे मात्र माझ्याकडेच राहिले. ते इथे सुरक्षित आहेत, असं अर्लिसचं मत पडलं. नोव्हेंबरात मार्लिन माझ्याबरोबर जंगलात आला. रात्रभर बर्फ पडलेलं होतं. दिवसभर तो झाडावरच्या मचाणावर बसून माझ्याशी बोलत राहिला, त्यामुळे काउंटीतलं प्रत्येक हरीण सावध झालं. आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. पण न बोलावता आला, हेही आमच्याकडे पुष्कळ समजतात.

हिवाळ्याच्या सुरुवातीला रॉस्कोचा फोन आला. मी तेव्हा त्यांच्याकडे जेवायला होतो. फोन मार्लिनने घेतला. थोडा वेळ नुसतं हं, हं केलं आणि मग फोन अर्लिसपुढे केला. रॉस्कोला तिच्याशी बोलायचं होतं. त्याच्याकडेही गुणगुण आहे, असं तो म्हणत होता. अलीकडेच सुरू झालीय, असंही म्हणत होता. खरं तर ती बरीच वर्षं होती आणि मंडळातला प्रत्येक जण सौजन्याने ती न ऐकल्यासारखं करत होता, हे मला त्या रविवारनंतर त्यांच्यातल्याच एकाने सांगितलं होतं. अर्लिस सवडीने कधी येऊन जाईल का, असं रॉस्को विचारत होता.

अर्लिसने तोंडातला घास संपवला.

"येईन की," ती म्हणाली. "पण आधी सांगा, रॉस्को, तुमच्या बायकोचं काय काय बंद करून झालंय?"

 पलीकडून काहीतरी पुटपुटल्याचं ऐकू आलं.

"ते सगळं आधी चालू करा," अर्लिस म्हणाली, "मग आम्ही येतो."

शनिवारी मार्लिन तिला गाडीने घेऊन गेला आणि तिथे तोंड मिटून बॅटरी धरून उभा राहिला, असं ती सांगते. तबकडीच्या यंत्रामागे जमिनीशी जोडायची, केसाएवढी बारीक एक वायर सुटून लोंबत होती. ती स्क्रूखाली बसवायला अर्लिसला कोट काढावासुद्धा लागला नाही. ती आपणच शोधून काढली, असं रॉस्को हल्ली मंडळात सांगतो, आणि मंडळ माना हलवतं.